राखणदाराच्या वाटणीचा गलास

भाई केळुसकर एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं होऊन गेली. तरी संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटं झाली की गाडी सुटायची वेळ झाल्यासारखे ते पडवीतल्या बाकावर येऊन बसायचे. समोर स्टूल आणि स्टुलावर काचेचा एक ग्लास, तोंडाशी निळी रेघ असलेला. हा ग्लास त्यांनी खारेपाटणच्या बाजारात घेतला होता आणि सबंध तोंडवलीत तो भाईंचा गलास म्हणूनच ओळखला जायचा.

गलास एकच. दुसरा कधी नाही. कुणी आग्रह केला तर भाई म्हणत, "दुसरो गलास म्हणजे परतीचा तिकीट. माका खंय जावचाच नाय, तर परतीचा काढू कशाक?"

वर्षाचे आठ-नऊ महिने त्या ग्लासात माडी असायची. परवानेवाला गणपत भाईंच्या परसातल्या दोन माडांवर सकाळ-संध्याकाळ चढायचा आणि कमरेला मडकं लटकवून उतरायचा. सकाळची माडी गोड असते, शहाळ्याची धाकटी बहीण म्हणावी अशी. पण या किनाऱ्याच्या उन्हात तिला कुणी काही करावं लागत नाही. मडक्यात असतानाच ती वयात येते, दुपारी जरा फणकारते, आणि संध्याकाळी घशाखाली उतरताना नाकात गुदगुल्या करते. दिवसभर अंगाला चिकटलेली ती दमट खारी हवा पहिल्या घोटाबरोबर चार पावलं मागे सरते, असं भाईंचं मत होतं आणि त्यावर ते वाद घालत नसत.

शिमगा उलटला की मात्र ग्लासातली माडी जाऊन हुर्राक यायची. काजूच्या बोंडांच्या रसाची ती पहिल्या धारेची दारू. भाईंच्या बायकोचं, कावेरीवहिनींचं, माहेर दोडामार्गाकडलं. तिथून त्यांचा भाऊ दरवर्षी एक कॅन पाठवायचा. तो कुठून भरतो हे कुणी विचारत नसे आणि तोही सांगत नसे. सोडा, लिंबू, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून भाई हुर्राक घेत. तिचा वास तिसऱ्या घरापर्यंत जायचा. "हुर्राक घरात असताना माडी घेवची म्हणजे पावणो दारात आणि आपण खिडकीतसून बोलतंव," असं ते म्हणत. पहिला पाऊस पडेपर्यंत ग्लासाचा हा पाहुणा बदलत नसे.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबायची. नुरुद्दीन. खाडीकडच्या मोहल्ल्यात त्याचं घर. बावीस वर्षं मालवण–खारेपाटण गाडीवर तो ड्रायव्हर आणि भाई कंडक्टर. नुरुद्दीनने उभ्या आयुष्यात दारूचा थेंब तोंडाला लावलेला नाही. तो सोड्याची बाटली घेऊन यायचा, तीत मीठ टाकून फेस बघत बसायचा. त्याची बायको शमीमभाभी कधी कधी डब्यात मुडदुशे मासे तळून द्यायच्या. मग दोघं बोलायचे. लोकांना वाटे, बावीस वर्षं एका गाडीवर काढून यांचं बोलणं संपत कसं नाही? खरी गोष्ट उलटी होती. बावीस वर्षांत दोघांना बोलायला मिळालंच नव्हतं. मध्ये जाळी, वर इंजिनाचा आवाज. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, एवढाच त्यांचा संसार. सगळं साठलेलं बोलणं आता त्या एका ग्लासाच्या आधाराने निघत होतं.

त्यातली एक गोष्ट आठवड्यातून एकदा तरी व्हायचीच. टपावरचा काकवीचा डबा फुटून सगळी काकवी समोरच्या काचेवर उतरली होती. एप्रिलचं ऊन, काच तापलेली, वायपर जागीच चिकटलेला, गाडीत पाण्याचा थेंब नाही आणि साठ प्रवासी ओरडताहेत. शेवटी भाईंनी पिशवीतली हुर्राकची बाटली काढून दिली आणि नुरुद्दीनने ती काचेवर ओतून रुमालाने पुसली.

"काच अशी लखलखली," नुरुद्दीन म्हणायचा, "की मी सरळ बघूचा सोडून तोंडच बघीत रवलंय. आणि ह्यो मागसून रडता!"

"अर्धी बाटली गेली रे मेल्या!"

"माझा नमाजाचा वजू गेला तां?"

आणि दोघं पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

दिवाळीनंतर भाईंच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला. लाल झाला, रात्रीची चादर लागली तरी ठणकायला लागला. मालवणातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "युरिक ॲसिड वाढलंय. दारू बंद करा. निदान कमी करा."

कावेरीवहिनींनी शेवटच्या दोन वाक्यांतलं पहिलं ऐकलं. भाईंनी दुसरं. घरी येईपर्यंत दोघं आपापल्या वाक्याला धरून बसले होते.

कावेरीवहिनी भांडणाऱ्यातल्या नव्हत्या. चाळीस वर्षं तो ग्लास त्यांनी स्वतःच्या हातांनी धुतला होता. पण नवऱ्याला लंगडताना बघून त्यांचा जीव खालीवर व्हायचा. दोन आठवडे त्यांनी वाट पाहिली आणि एका सोमवारी सकाळी भाईंना आंघोळ घालून, धुतलेला सदरा चढवून राखणदाराकडे नेलं.

राखणदार वाडीच्या वेशीवर, सुरंगीच्या झाडाखाली. गुडघाभर उंचीचा काळा पाषाण. त्याला नाक ना डोळे. दिवेलागणीला तो काठी टेकत गावाची हद्द फिरतो अशी समजूत, म्हणून वर्षातून एकदा त्याला नव्या वहाणा, कोंबडा, विड्यांचा कट्टा आणि एक बाटली द्यायची पद्धत. तेव्हा या विषयातला तो अगदीच अडाणी होता असं नाही.

गाऱ्हाणं घालायला बाबा गुरव. बाबांचा आवाज मोठा आणि शब्दांना तोटा नाही. एकदा सुरू झाले की गाऱ्हाणं कुठल्या वळणाने जाईल हे त्यांनाही ठाऊक नसे. हात जोडून डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली.

"बा म्हाराजा, ह्या हद्दीच्या धनया! ह्यो तुजो लेकरू भाई केळुसकर आज तुज्या पायाकडे इलो हा. तेच्या अंगठ्याक जी काय पीडा झाली आसा ती बारा वाटांनी दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सोबतच्यांनी साथ दिली.

"तेका जी काय सांजची तहान लागता, ती तेच्या जिभेवरसून काढ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबले असते तर काहीच बिघडलं नसतं. पण बाबांना लय सापडली होती. "आणि आजपासून तेच्या वाटणीचो जो काय गलास आसा, तो तुजो म्हाराजा! रोजच्या रोज, सांजच्या येळाक, तेच्याच हातान तो तुज्याकडे पावतो होवंदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यातला सगळ्यात मोठा आवाज भाईंचा होता. कंडक्टरच्या सवयीने वाक्य संपताच त्यांनी दोरी ओढली होती. ओढून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय सोडलं.

त्या संध्याकाळपासून भाईंच्या वाटणीचा ग्लास राखणदाराकडे जाऊ लागला. निळ्या रेघेपर्यंत भरलेला ग्लास हातात धरून भाई नुरुद्दीनच्या स्कूटरवर मागे बसायचे. खड्ड्याखड्ड्यांची वाट, पण थेंब सांडत नसे. चालत्या गाडीत उभं राहून तीस वर्षं सुटे पैसे मोजलेला हात तो. नुरुद्दीन अलीकडे दगडी गडग्यावर बसायचा. भाई पाषाणावर ग्लास रिता करायचे, डोक्यावरून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.

वाटेत घोटभर घ्यायला कुणाची हरकत होती? नुरुद्दीनने एकदा सुचवलंही. "मी फुडे बघतंय रे. मागे काय चलता तां माका दिसणा नाय."

"नुरु, उभ्या नोकरीत मी इन्स्पेक्टराच्या झिलाक पण फुकट सोडूक नाय. देवाच्या मालातसून घोट मारू?"

अंगठा उतरला, हे खरं. पण पडवीतल्या त्या तासाची रया गेली. भाई लिंबू सरबत घेऊन बाकावर बसत आणि साडेसहालाच गप्प होत. नुरुद्दीन सोड्यातला फेस बघत बसे. एकदा त्याने काकवीची गोष्ट काढली. भाई हसले, पण शिष्टाचार म्हणून. पावणेसातला स्कूटर परत जायला लागली. मग काही दिवस आलीच नाही. ग्लास घेऊन भाई पायीच जाऊन आले.

"तेंका काय जाला?" कावेरीवहिनींनी विचारलं.

"काय नाय. सरबत पिवन खरां बोलवणा नाय गो," भाई म्हणाले. "तो येता, बसता, आमी हवापाण्याचा बोलतंव. हवापाण्याचा बोलूक माका तो कशाक होयो?"

दुसऱ्या दिवशी भाई बाबा गुरवांकडे गेले तेव्हा वहिनींनी त्यांना अडवलं नाही.

"बाबा, आख्खो नको," भाई म्हणाले. "अर्धो तरी माका परत दी म्हणान देवाक इचार."

"इचारूक काय जाता? सोमवारी कौल घेवया."

कौल म्हणजे पिटकोळीचं तांबडं फूल पाण्यात बुडवून पाषाणाला चिकटवायचं आणि प्रश्न घालायचा. फूल सुकता सुकता सुटतं. उजवीकडे पडलं तर होय, डावीकडे पडलं तर नाही. तोंडवलीत विहीर खणण्यापासून सोयरीक जुळवण्यापर्यंत सगळं याच वाटेने जातं.

त्याच सोमवारी गणपतही आला होता. त्याची मुलगी सारिका हिला शाळेतल्या कौस्तुभ मास्तरांनी मागणी घातली होती. सारिकाचं मन होतं, कौस्तुभचं होतं, हॉलसुद्धा वैशाखातला बघून ठेवला होता. राखणदाराचं तेवढं राहिलं होतं. बाबांनी आधी गणपतचं फूल लावलं, मग पाषाणाच्या माथ्यावर, पुढे झुकलेल्या कडेला, भाईंचं.

तास गेला. दोन तास गेले. फुलं जागची हलली नाहीत.

"इचार करता हा," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फुलं सुकली, पण तिथेच. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग त्यांच्यावरून रस्ता काढून गेली. फूल हाताने काढायची सोय नव्हती. बाबांचा नियम स्वच्छ होता. "पडला तां देवाचा. काढला तां आपला."

एक होडीवाला नवीन इंजिनासाठी आला, त्याचं फूल चिकटलं. कुणाचा वाटणीचा प्रश्न चिकटला, कुणाची म्हैस विकायची की नाही ते चिकटलं. पौष संपेपर्यंत राखणदार गळ्यापासून माथ्यापर्यंत सुकलेल्या फुलांनी भरून गेला. वाडीतले सगळे निर्णय त्या पाषाणावर चिकटून होते. कोणतं फूल कुणाचं यावर भांडणं होऊ लागली, तेव्हा कौस्तुभने मोबाईलवर फोटो काढला, प्रत्येक फुलाला आकडा दिला आणि यादी ग्रुपवर टाकली. कौस्तुभचा कौलावर विश्वास नव्हता. पण एक नंबरचं फूल त्याचं होतं.

शेवटी शाळेच्या वर्गात बैठक भरली.

"देव बोलणा नाय," बाबांनी जाहीर केलं. "असा कधी झालेला नाय."

"बोलतलो कसो?" मागून कुणीतरी म्हणालं. "वर्साक एक बाटली घेणारो देव तो. आता रोज सांजचो गलास! चढली हा तेका."

"घोवाची सोडवली ती देवाक लागली!" बायकांत खसखस पिकली. कावेरीवहिनींनी पदर ओढून मान खाली घातली.

"भाई, बरो देव बिघडवलास रे!"

भाई उठले. "मी ओततंय तो माज्या मनान नाय. गाऱ्हाण्यात बांधलेलो गलास तो. तुमीच सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलास."

कौस्तुभ फळ्याजवळ उभा होता. त्याने घसा साफ केला आणि शाळेतली मराठी काढली. "हे बघा, माडीत साखर असते. ती वाळली की चिकट होते. दगडावर दोन-अडीच महिन्यांचा थर बसला आहे. गरम पाण्याने एकदा स्वच्छ धुतलं की प्रश्न मिटला."

वर्गातल्या सगळ्या माना डोलल्या. मुद्दा सगळ्यांना पटला होता.

"मास्तरांचा खरा आसा," बाबा म्हणाले. "पण देवाक न्हाणूचा तर तेचो हुकूम होयो. कौल घेवक होयो."

"मग घ्या ना कौल!"

"काल घेतलो."

"मग?"

"चिकाटलो."

कौस्तुभ खाली बसला.

"मगे भाईचो गलासच बंद करूया," होडीवाला म्हणाला.

"तेचोय घेतलो. तोय चिकाटलो."

"जूनात पाऊस पडतलो, आपोआप धुवन जातलो," कुणीतरी धीर दिला.

"आणि लगीन काय छत्री घेवन लावतलंय?" गणपत उसळला. "हॉलवालो थांबणा नाय माज्यासाठी!"

"भाई, वायच बाजूक ओतलास तर?" होडीवाल्याने हळूच विचारलं. "पाषाणावर नको. झाडाच्या मुळात."

भाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढचं विसरला. "तिकीट काढलेला देवाचा. उतरवतलंय अलीकडच्या स्टॉपार?"

बैठक संपली. संध्याकाळी सहाला भाई निळ्या रेघेपर्यंत भरलेला ग्लास घेऊन निघाले आणि त्या फुलांवर आणखी एक थर देऊन आले. घरी येऊन बाकावर बसले. राखणदाराने हो म्हटल्याशिवाय त्यांना ग्लास मिळणार नव्हता आणि ग्लास थांबल्याशिवाय राखणदाराला हो म्हणता येणार नव्हतं. तीस वर्षं सुट्या पैशांचे तंटे सोडवलेल्या माणसालाही यातून वाट दिसेना.

शिमगा आला आणि गेला. एका दुपारी दोडामार्गाहून कावेरीवहिनींच्या भावाचा कॅन आला. वहिनींनी तो स्वयंपाकघरात कोपऱ्यात ठेवला, वर सूप झाकलं, सुपावर पोळपाट ठेवला. वास तरीही पडवीत आला. भाई पेपर उलटा धरून वाचत राहिले.

वास मोहल्ल्यापर्यंत गेला असेल असं नाही, पण त्याच संध्याकाळी कितीतरी दिवसांनी नुरुद्दीन आला. बाकावर बसला. भाईंच्या हातात माडीने भरलेला, निघायच्या तयारीतला ग्लास बघितला, मग नाक वर केलं.

"हुर्राक इली काय रे?"

"इली."

"मगे गलासात काय ह्या?"

"माडी. देवाची."

नुरुद्दीनने सोड्याची बाटली खाली ठेवली. "भाई, गाऱ्हाण्यात काय होता? माडी?"

"नाय. माज्या वाटणीचो गलास."

"आणि शिमग्यापासून पावसापर्यंत तुज्या वाटणीच्या गलासात काय आसता?"

भाईंनी ग्लासाकडे पाहिलं. मग आतल्या दाराकडे पाहिलं. दारात कावेरीवहिनी उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे.

"पावणो दारात आणि आमी खिडकीतसून बोलतंव," भाई हळूच म्हणाले.

"तां तुजा तू बघ," नुरुद्दीन म्हणाला. "माका आपली काच आठवली. काकवीची."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्या बाकावर दोन माणसं खरोखर काहीतरी बोलली होती.

ग्लासातली माडी वहिनींनी घेतली आणि मडक्यात परत ओतली. पोळपाट उचलला, सूप काढलं, कॅन वाकडा करून स्वतःच्या हाताने निळ्या रेघेपर्यंत हुर्राक भरली. "लिंबू-मीठ घालू?" त्यांनी विचारलं.

"नको," नुरुद्दीन म्हणाला. "काचेक घातलेला नाय."

ही बातमी स्कूटरच्या पुढे कशी धावली ते कळत नाही. सुरंगीखाली पोचेपर्यंत बाबा गुरव, गणपत, सारिका, मोबाईल घेऊन कौस्तुभ आणि निम्मी वाडी तिथे हजर होती. कावेरीवहिनी मागून चालत आल्या. नुरुद्दीन नेहमीप्रमाणे गडग्यावर बसला, पण आज उभा राहायच्या बेताने.

भाईंनी चपला काढल्या आणि पाषाणाच्या माथ्यावर बारीक धार धरली.

हुर्राक फुलांच्या मधून वाट काढत उतरली. आधी काही झालं नाही. मग वाळलेला थर मऊ पडला, तांबूस ओघळ सुटला आणि मधलं एक फूल थरथरलं.

"एक नंबर!" कौस्तुभ ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

फूल सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं आणि उजवीकडे पडलं.

"उजवो!" बाबांनी हात वर केला. गणपतने डोळे पुसले. सारिका मान खाली घालून हसली. ज्याचा कौलावर विश्वास नव्हता त्या कौस्तुभने मोबाईल कपाळाला लावला.

मग फुलं सुटतच गेली. होडीचं इंजिन उजवं. म्हैस डावी. वाटणी डावी, त्यावर दोन भाऊ जागच्या जागी पुन्हा भांडू लागले आणि त्यांना बाजूला न्यावं लागलं. कौस्तुभ नंबर पुकारत होता, बाबा निकाल सांगत होते.

"तेरा नंबर! देवाला आंघोळ घालावी का?"

राखणदार डोक्यापासून पायापर्यंत भिजला होता. तेरा नंबरचं फूल त्याच्या छातीवरून घरंगळलं आणि डावीकडे पडलं.

"न्हावचा नाय म्हणता," बाबा गंभीरपणे म्हणाले.

"चौदा! भाईंचा ग्लास बंद करावा का?"

डावीकडे. क्षणाचाही विचार न करता.

"बंद करू नको म्हणता!" मागून हशा उठला. "लागली रे लागली!"

आता पाषाणावर एकच फूल उरलं होतं. माथ्यावरच्या झुकल्या कडेला. दोन नंबर. भाईंचा धार धरलेला हात थांबला. अर्धा ग्लास रिता झाला होता, अर्धा हातात होता. आपलं फूल कुठे कलतं ते बघायला ते पुढे वाकले. चष्मा नाकावर घसरला. फूल कडेवर आलं, एक क्षण तिथेच लोंबलं, आणि उजवीकडेही पडलं नाही, डावीकडेही नाही. ते सरळ खाली, भाईंच्या हातातल्या ग्लासात पडलं.

फूल हुर्राकीत एकदा बुडून वर आलं आणि तरंगायला लागलं.

"ह्येचो निकाल काय?" होडीवाल्याने विचारलं.

"हात उजवो आसा, म्हणजे उजवो," गणपत म्हणाला. त्याला आज सगळंच उजवं दिसत होतं.

"पण देवाच्या डाव्या अंगाक उभे आसत ते!"

"बाबा, तुमी सांगा."

बाबा गुरवांनी डोळे मिटले. भाईंना घाम फुटला. बाबांना पुन्हा लय सापडली तर काय होईल याची त्यांना कल्पना होती. पण या वेळी बाबा दोनच वाक्यं बोलले.

"देवाकडसून जां हातात पडता, तो प्रसाद. आणि प्रसाद कोण ओतून टाकणा नाय."

सगळ्यांच्या माना कावेरीवहिनींकडे वळल्या. भाईंनीही ग्लास तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. घोट घेतला नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते हुर्राकीच्या वासाने आलं होतं असंही म्हणता येईल.

वहिनी पुढे आल्या. त्यांनी ग्लास डोळ्यांसमोर धरून बघितला, दुकानात तेल मापून घेताना बघतात तसा.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" त्यांनी विचारलं.

"बंद करा," भाई म्हणाले. प्रामाणिक माणूस.

"आणि मगे काय म्हणाले?"

भाईंनी गडग्याकडे बघितलं. गडग्यावरून नुरुद्दीन ओरडला, "निदान कमी करा, म्हणाले! माका दहा वेळा सांगितला हा तेणी!"

"ह्यो अर्धो आसा," वहिनी म्हणाल्या. "ह्याच्या वर थेंब नाय. अंगठो दुखलो तर परत राखणदाराकडे, तेव्हा आख्खो तेचो. काय ओ?"

"व्हय म्हाराजा!" भाई म्हणाले आणि सगळी वाडी हसली.

वहिनींनी ग्लास परत दिला. भाईंनी त्यातलं फूल कानामागे खोवलं आणि ग्लास तोंडाला लावला. लिंबू नाही, मीठ नाही, मिरची नाही, सोडा नाही, वर सुरंगीची पानं आणि भोवती सगळं गाव. पण ती काजूची उग्र गोडी जिभेवर उतरली तेव्हा भाईंनी डोळे मिटले. गडग्यावरून नुरुद्दीनने चावीने स्कूटरवर दोन ठोके दिले. टण टण.

तेव्हापासून अर्धा राखणदाराचा, अर्धा भाईंचा. पावसाळा उलटल्यावर माडीच्या चिकट थराचा प्रश्न पुन्हा आलाच असता, कारण न्हाऊ घालायला देवाने साफ नकार दिला होता. त्यावर बाबांनीच तोड काढली. आंघोळ नको म्हटलंय, सोड्याला कुठे नाही म्हटलंय? दारूवर सोडा तर माणूससुद्धा घेतो. आता रोज संध्याकाळी नुरुद्दीन आपल्या बाटलीतला निम्मा सोडा भाईंकडे देतो, मीठ टाकायच्या आधी. भाई आधी राखणदाराचा अर्धा ग्लास आणि मग सोडा पाषाणावर ओततात. फेस येतो, राखणदार लखलखतो आणि फुलं वेळच्या वेळी पडतात. सारिका आणि कौस्तुभचं लग्न वैशाखात त्याच हॉलमध्ये झालं. आहेरात भाईंनी नव्या जोडीला दोन ग्लास दिले, रेघ मात्र मधोमध असलेले.

सहा वाजून पाच मिनिटांच्या जागी आता सहा पस्तीस होतात, कारण आधी देवाकडे जाऊन यायचं असतं. मग बाकावर दोघं बसतात. भाई त्या अर्ध्या ग्लासाला इतके लहान घोट लावतात की चिमणीने पाहिलं तर लाजेल. काकवीची गोष्ट झालेली असते, तिला आता राखणदाराची गोष्ट जोडली गेलेली असते, आणि साडेसातला आतून कावेरीवहिनींचा आवाज येतो.

"अवो, अर्धो गलास आणि तास पुरो?"

"गो कावेरी," भाई तिथूनच म्हणतात, "गाडी अर्धी भरली म्हणान काय अर्ध्या वाटेत थांबता? खारेपाटणाक पोचूकच होयी."

"पोचवतंय मी," नुरुद्दीन म्हणतो आणि उरलेल्या सोड्यात मीठ टाकतो.